आज तिसरी जुनी गाडी पाहून आलो

रंग चकाचक, सीट कव्हरं कोरी. मालक म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून इंजिन गरम करून ठेवलंय." तिथेच मनात पाल चुकचुकली! थंड इंजिन चालू करतानाच तर खरं काय ते कळतं. दोन तास गप्पा मारत बसलो, मग चावी फिरवली. मागून निळसर धूर. म्हणजे इंजिन ऑइल पितंय. टायर म्हणे 'नवेच' आणि त्यांवरचा कोड 2314, म्हणजे 2014 सालचा 23वा आठवडा!

पण खरं सांगू? चालवताना जाम मजा आली राव. हलकी गाडी, गिअर घट्ट, वळणावर रस्ता सोडत नाही. सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या, तर मालक आभाळाकडे बघायला लागले.

बायको म्हणते, "लग्नाच्या वेळी एवढी स्थळं पाहिली नव्हतीस."

उद्या चौथी.