सहावा परिच्छेद

ऑगस्टची ३ तारीख होती. बेळगावात आठवडाभर पावसाची झड लागलेली. कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लोकांना बसायला एक बाक. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले अर्ज गेली बावीस वर्षं मी इथं टाइप करते आहे. उताऱ्यावरचं नाव, वारसा, रेशनकार्ड, भाडेकरार ही रोजची कामं. सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकायुक्तांकडे जाणारी तक्रार वर्षातून चार-पाच वेळा येते, आणि तीही बहुधा ग्रामपंचायतीची किंवा सर्व्हे ऑफिसची. विद्यापीठाविरुद्धची तक्रार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या टेबलावर आली.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातून बाप-लेक आले होते. रोप लावणीचे दिवस, म्हणजे घरातलं माणूस शेतातून हलणं मुश्कील. तरी सकाळची पहिली बस धरून आलेले. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी बापानं उघडली आणि एकेक कागद बाकावर मांडत म्हणाला, "अक्का, लोकायुक्ताला लिहायचं हाय. प्रमाणपत्रं समदी आणलीत."

दहावीचं सर्टिफिकेट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं होतं. मला आधी उलगडा होईना. मग त्यानं घडी घातलेला फॉर्म काढला. कुणीतरी कन्नडमधला छापील नमुना त्याला आणून दिला होता, आणि त्यात लिहिलं होतं की तक्रारीसोबत ‘प्रमाण पत्र’ जोडावं. कन्नडमध्ये प्रमाण पत्र म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट, आपण मराठीत ज्याला प्रतिज्ञापत्र म्हणतो ते. अक्षर न् अक्षर सारखा शब्द, अर्थ वेगळा. त्या एका शब्दापायी ही दोघं आठवडाभर दाखले गोळा करत खानापूरच्या तहसील कचेरीत फिरली होती. सीमाभागात राहून मला हे नवीन नाही, पण त्या दिवशी ते दाखले परत पिशवीत घालताना त्या माणसाचा चेहरा बघवला नाही.

प्रकरण असं. मुलगी बी.कॉम.ला. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा डिसेंबरात झाली. १२ फेब्रुवारीला मोबाइलवर निकाल बघितला तर पाच विषयांत पास आणि एका विषयात ‘गैरहाजर’. पेपर तिनं दिला होता. हॉल तिकिटावर त्या तारखेपुढं पर्यवेक्षकाची सही होती. कॉलेजकडच्या हजेरीपत्रकाची प्रतही तिनं मिळवली होती. त्यावर तिची सही आणि सहीशेजारी तिच्याच अक्षरात उत्तरपत्रिकेचा नंबर. प्राचार्यांचं पत्र होतं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ती दोघं पाच वेळा जाऊन आलेली. दरवेळी एकच उत्तर: "बंडल शोधायला सांगितलंय." सहाव्या सेमिस्टरचा निकाल त्या एका शब्दावर अडकलेला. एम.कॉम.चे प्रवेश सुरू झालेले. शेवटच्या खेपेला कुणी सुचवलं, रिपीटरचा फॉर्म भरून टाक, पुन्हा पेपर दे. तिनं नकार दिला.

"दिलेला पेपर परत का देऊ?" तिनं मला विचारलं. ती एवढंच बोलली होती तोवर.

मी तिला आधी विचारलं, विद्यापीठातच कुठं दाद मागितली का? हे विचारावंच लागतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांची तक्रार निवारण समिती हवी, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा, आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल नेमलेला हवा. शिवाय कर्नाटक लोकायुक्त कायदा सांगतो की दुसरीकडे दाद मागायची सोय असून ती वापरलीच नसेल, तर गाऱ्हाण्याची चौकशी होणार नाही. मुलीनं पिशवीतून दोन कागद काढले. समितीला एप्रिलमध्ये दिलेला अर्ज, त्यावर आवक शाखेचा निळा शिक्का. लोकपालांना मे महिन्यात केलेल्या ई-मेलची प्रिंट. दोन्हीकडून उत्तर नाही. त्या निळ्या शिक्क्यावर मी बोट ठेवलं आणि बापाला म्हटलं, "काका, तुमच्या पोत्यातला सगळ्यात मोलाचा कागद हा."

"खरं विद्यापीठाच्या माणसाला लोकायुक्त विचारू शकतोय काय?"

विचारू शकतो. १९८४ च्या त्या लोकायुक्त कायद्यात लोकसेवकाची जी व्याख्या आहे, तीत विद्यापीठाच्या नोकरीतली माणसंही येतात. तक्रार द्यायला बेंगळुरूला जावं लागत नाही, टपालानं चालते. लागतो तो ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आणि सोबत शपथेवरचं प्रतिज्ञापत्र.

बापानं मराठीत लिहा म्हणून धरलं. त्याला कन्नड बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत माणूस गाऱ्हाणं मांडू शकतो. पण कागद टेबलावरून टेबलावर सरकायचा असेल तर कन्नड लागतंच, हे मी बावीस वर्षं बघते आहे. म्हणून माझी रीत अशी: आधी मराठी मसुदा, तो घरच्यांनी वाचायचा, मग त्याचं कन्नड, आणि दोन्ही एकत्र पाठवायचं. वेळ दुप्पट जातो, पैसे मी एकाचेच घेते. ज्या कागदावर शपथ घ्यायची तो स्वतःच्या भाषेत डोळ्यांखालून गेला पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

मसुदा सांगायला बाप बसला. पाच परिच्छेद सरळ गेले. सहाव्याला त्याचा आवाज चढला. विद्यापीठासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एका माणसानं त्याला गाठलं होतं. "पाच हजार द्या, आतल्या क्लार्कचं मी बघतो, आठ दिवसांत मार्क्स चढतील." बाप म्हणाला, "लिहा, क्लार्कनं पाच हजार मागितले. तेवढं लिहाच अक्का, त्याबिगर कोण बघतंय आमच्याकडं."

मी टाइप केलं. आजही मला याचं वाईट वाटतं, म्हणून इथं लिहिते आहे. त्या ओळीनं तक्रार भक्कम होते हे मला माहीत होतं. या कायद्यात दोन वाटा आहेत. एक आरोप: भ्रष्टाचार, पदाचा गैरवापर. दुसरी गाऱ्हाणं: कारभारातल्या चुकीनं किंवा विनाकारण उशिरानं झालेला अन्याय. आरोपाला ५ वर्षांची मुदत. गाऱ्हाण्याला मात्र ती गोष्ट कळल्यापासून ६ महिने. पैशाची ओळ आली की तक्रार आरोपात बसते आणि मुदतीचा घोर जातो. मनातल्या मनात हा हिशेब करून मी प्रिंट काढली आणि मुलीच्या हातात दिली.

तिनं पहिले पाच परिच्छेद बोट फिरवत वाचले. सहाव्यावर थांबली. परत वाचला. मग बापाकडं बघून म्हणाली, "अप्पा, क्लार्कनं आपल्याकडं कवा पैसे मागितले?"

"त्या झेरॉक्सवाल्यानं..."

"त्यो बाहेरचा. आणि तवा मी आत होते, मी ऐकलेलं न्हाई. त्या क्लार्कनं मला बसायला खुर्ची दिली होती. मला चक्कर आली तवा पाणी दिलं त्यानं. शपथेवर सही माझी हाय न्हवं?"

टेबलावरचं माझं लाल पेन उचलून तिनं ती ओळ खोडली. एक रेघ, नीट, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत.

बाप चिडला. म्हणाला, शिकून एवढंच कळलं काय? ती काही बोलली नाही. मी त्याला समजावलं की तुम्ही जे ऐकलं ते खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. ते तुम्ही ऐकलंय, तुमच्या नावावर सांगा. लोकायुक्त पोलिसांचं ऑफिस बेळगावातच आहे, लाच मागितल्याची फिर्याद तिथं देता येते. तो माणूस कोण, कसा दिसतो, कधी भेटला ते सांगा. तो बराच वेळ पावसाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "त्येचं नावबी मला ठावं न्हाई." आणि त्यानं तो विषय सोडला.

ओळ गेली तसा आरोप गेला. उरलं गाऱ्हाणं, आणि ६ महिने. निकाल कळला १२ फेब्रुवारीला, म्हणजे १२ ऑगस्टपर्यंत. ९ दिवस हातात. सबळ कारण दाखवलं तर उशिरा आलेलं गाऱ्हाणंही घेता येतं अशी सोय कायद्यात आहे, पण तिच्या भरवशावर कुणाचं वर्ष ठेवायचं नसतं. पुन्हा गावी जाऊन दोन दिवसांनी येतो म्हणाले तर नाल्याला पाणी चढून बस बंद पडायची धास्ती. मी ठरवलं, आज टपालात पडलंच पाहिजे. तोवर बाकावर तिघं गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना हात जोडून दुपारनंतर या म्हटलं.

सहावा परिच्छेद तिनंच नव्यानं सांगितला. हजेरीपत्रकावरचा उत्तरपत्रिकेचा नंबर. कोणत्या तारखेला विद्यापीठात गेले, कोणत्या खिडकीवर, काय उत्तर मिळालं. एके ठिकाणी ती म्हणाली, "मार्चमधली तारीख नक्की आठवत न्हाई, तिथं ‘मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात’ असं लिहा." वकिलांची पक्षकारं इतकं जपून बोलत नाहीत. मागणी एकच ठेवली: उत्तरपत्रिका शोधून तपासावी आणि दुरुस्त अंकपट्टी, म्हणजे मार्कशीट, द्यावी. कन्नड करताना मला ‘गैरहाजर’ला शब्द शोधावा लागला नाही, तिकडंही ‘गैरुहाजरु’च.

नोटरीकडे पोचेपर्यंत साडेतीन वाजले. वकीलसाहेबांनी विचारलं, मजकूर कळला का? मुलगी कन्नड शाळेत तिसरी भाषा म्हणून शिकलेली, सावकाश वाचते. तिनं कन्नड प्रत हातात घेतली आणि उभ्या उभ्या सगळी वाचून काढली. मग खाली तिच्या हातानं लिहिलं, ओदि केळिदे, सरि इदे. वाचलेलं ऐकलं, बरोबर आहे. कागदपत्रांखाली हे वाक्य मी हजारदा टाइप केलं असेल. वाचून, ऐकून, खरं करून ते लिहिणारं माणूस क्वचित बघितलं.

चार वाजून गेल्यावर हेड पोस्टात स्पीड पोस्ट केलं. पावतीची झेरॉक्स काढून मी माझ्या फायलीत ठेवली. बाप पैसे द्यायला लागला, मी कागदाचे आणि प्रिंटचे घेतले.

नोव्हेंबरात ती एकटी आली. लोकायुक्त कार्यालयाकडून पत्र आलं होतं. तक्रारीची प्रत विद्यापीठाकडं गेली होती आणि त्यांचं म्हणणं सोबत जोडलेलं होतं. दीड पानाच्या त्या उत्तरात एक वाक्य होतं: तक्रारदारानं परिच्छेद सहामध्ये दिलेल्या क्रमांकाची उत्तरपत्रिका दुसऱ्या विषयाच्या गठ्ठ्यात मिळून आली असून ती मूल्यमापनासाठी पाठवली आहे. अंकपट्टी अजून हातात आलेली नव्हती. एम.कॉम.चे प्रवेश कधीच बंद झाले होते. गेलेलं वर्ष कोण भरून देणार, हे मी तिला विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. विद्यापीठाच्या म्हणण्यावर तिला प्रत्युत्तर द्यायचं होतं.

वहीच्या पानावर तिनं मराठी मसुदा घरूनच लिहून आणला होता. चारच ओळी. उत्तरपत्रिका मिळाल्याचं मान्य, गुण कोणत्या तारखेपर्यंत जाहीर करणार ते कळवावं, सहाव्या सेमिस्टरचा निकालही त्याबरोबर द्यावा. पाचवी ओळ तिनं आधीच खोडलेली होती. काय होतं म्हणून मी वाकून बघितलं.

"‘मुद्दाम लपवली होती’ असं लिहिलं होतं," ती म्हणाली. "खरं मला तसं ठावं न्हाई."

मी नुडी, माझं कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, उघडलं आणि पहिली ओळ कन्नडमध्ये टाइप करायला घेतली.