जुन्या फॉन्टचा कन्व्हर्टर लोकांपर्यंत कसा पोचवला

जुन्या डीटीपी (कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावायचं काम) फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षर-कोडमध्ये, करून देणारा एक प्रोग्राम मी लिहिलाय. फुकट आहे, कुणीही वापरावा-बदलावा असं जीपीएल लायसन्स, कोड गिटहब या प्रोग्रामरांच्या वेबसाईटवर. पण ज्यांना याची खरी गरज आहे ती माणसं गिटहबवर नसतात हो, ती पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्ल्यांत, नारायण पेठेत, सदाशिव पेठेत पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर उघडून बसलेली असतात. म्हणून तिकडेच जायचं ठरवलं, आणि तेही दिवाळीनंतर, कारण दिवाळी अंकांच्या धामधुमीत तिथे कुणाला मान वर करायला वेळ नसतो.

या लोकांची अडचण खरी आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7, ती 2001 साली आली आणि तिला युनिकोड कळतच नाही. जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला 'क' दिसतो पण फाईलमध्ये असतो भलत्याच इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा कोड, फॉन्ट काढला की नुसती गिचमीड. आता प्रकाशकाला ईबुक हवं, वेबसाईटवर मजकूर हवा, मग अख्खं पुस्तक परत टाईप करायचं! इतकी वर्षं केलेली मेहनत अशी परत करायला लावणं मला फार वाईट वाटतं.

ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांकडे गेलो, म्हटलं, "काका, तुमचीच एखादी जुनी फाईल द्या." त्यांनी मजकूर वाचला नाहीच, थेट 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' असले अवघड जोडाक्षरांचे शब्द शोधायला लागले, मग रफार, मग ऱ्हस्व वेलांटी. बरोबरच आहे, जुन्या फॉन्टमध्ये ती वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाईप होतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट, आणि बरेच कन्व्हर्टर तिथेच गडबडतात. "हे जमलंय की रे तुला!" म्हणाले आणि त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वतःच टाकलं. मी दहा ठिकाणी लिंक टाकून जे झालं नसतं ते त्या एका मेसेजने झालं, कारण सांगणारा त्यांच्यातलाच होता. त्यानंतर प्रोजेक्टच्या पानावर सगळ्यात वर एकच चित्र ठेवलं, डावीकडे गिचमीड, उजवीकडे तोच परिच्छेद स्वच्छ, आणि खाली सगळी माहिती मराठीत.

दुसरा अडसर इन्स्टॉलेशनचा. डिजिटल सही नसलेली एक्झी (प्रोग्रामची) फाईल चालवली की विंडोज निळी खिडकी दाखवून घाबरवतं, त्या सहीच्या सर्टिफिकेटला पैसे लागतात आणि आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाका असं सांगणं तर अशक्यच. म्हणून सगळं ब्राउझरमध्ये चालणारं केलं. प्रकाशकांना अप्रकाशित हस्तलिखित बाहेर जायची भीती असते, ती अगदी रास्त आहे, त्यामुळे दाखवताना मी पान उघडल्यावर नेट बंद करतो आणि मग कन्व्हर्ट करून दाखवतो. इथे लोकांचा विश्वास बसतो, भाषणाने नाही.

फॉन्टचे तक्ते, म्हणजे कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर ते, प्रोग्रामपासून वेगळे, साध्या सीएसव्ही फाईलमध्ये ठेवलेत, ती एक्सेलमध्ये उघडते, त्यामुळे प्रोग्रामिंग न येणारे ऑपरेटरही चुका दुरुस्त करून पाठवतात आणि मी त्यांची नावं श्रेययादीत घालतो. काहीजण व्हॉइस मेसेजवर सांगतात, तेही चालतं.

जोडाक्षरांचे काही तक्ते अजून अर्धे आहेत. तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधली फाईल पडून असेल तर एक पान चालवून बघा आणि जे अक्षर बिघडेल ते कळवा.