बोटुकलीच्या खाद्याचा हिशेब : आमची वाटचाल

नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांसाठी खोदलेल्या शेततळ्यांत पूरक उत्पन्न म्हणून कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प जातीचे मासे सोडण्याची पद्धत रुजू लागली, तेव्हा आम्ही सिन्नर येथे मत्स्यखाद्याचा छोटा कारखाना सुरू केला. मातीच्या तळ्यात माशांना प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि तळातील जीव आयते मिळतात. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात तळाचे अन्न जवळजवळ नसते, त्यामुळे बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या लहान माशांची, वाढ बव्हंशी आपण टाकलेल्या खाद्यावरच ठरते.

शेतकरी पहिल्यापासून एकच प्रश्न विचारत आले आहेत : प्रथिने किती टक्के? हा प्रश्न योग्य असला तरी अपुरा आहे, असे आमचे ठाम मत आहे. मासा शरीर उबदार ठेवण्यासाठी ऊर्जा खर्च करीत नाही आणि नको असलेले नत्र बहुतांशी अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. म्हणूनच त्याची ऊर्जेची गरज कोंबडीपेक्षा कमी असते आणि खाद्यातील प्रथिनांचा वाटा मात्र जास्त लागतो. कार्प माशांच्या बोटुकलीसाठी तो साधारणपणे 30 ते 35 टक्के धरला जातो. परंतु त्या प्रथिनांच्या जोडीला पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांतून पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, तर मासा प्रथिनेच जाळून आपली गरज भागवतो. खाद्यातील सर्वांत महाग घटक अशा रीतीने वाया जातो, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासा मात्र जिथल्या तिथे राहतो.

उलट टोकही तितकेच नुकसानीचे आहे. ऊर्जेची गरज भागली की मासा खाणे आवरते घेतो, त्यामुळे अतिऊर्जेच्या खाद्यात त्याच्या पोटात प्रथिने कमीच जातात. ग्राहकाच्या तळ्यावर जाळे टाकले की आम्ही वजनाबरोबर एखादा मासा चिरूनही पाहतो. आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे जाड थर दिसले, तर तराजूवरचे वजन कितीही समाधानकारक असले तरी त्या मिश्रणातील तेल आम्ही कमी करतो.

कच्च्या मालाच्या निवडीतही हाच विचार आहे. सोयाबीन पेंडीत प्रथिने भरपूर, पण मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी, म्हणून तिला मासळीच्या कुटीची किंवा तिळाच्या पेंडीची जोड द्यावी लागते. ऊर्जेसाठी आम्ही मका आणि इगतपुरीकडील भातगिरण्यांतील कोंडा वापरतो. वाफेवर शिजलेले पिष्ट कार्प माशांना चांगले पचते. कोंड्यातील तेल मात्र फार लवकर खवट होते, म्हणून प्रत्येक पोते उघडून, मूठभर कोंडा हातावर चोळून, वास घेतल्याशिवाय तो मिश्रणात जात नाही.

केवळ प्रथिनांचा आकडा फुगवून खाद्य विकणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. तरीही मोठ्या माशांसाठी बोटुकलीचे महाग खाद्य मागणाऱ्यांना आम्ही ते देत नाही. त्यांना 25 ते 28 टक्क्यांचे खाद्य सुचवतो. पिशवीवर आता प्रथिनांबरोबर ऊर्जेचाही आकडा छापतो. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पाणी गारठले की मासे खाणे कमी करतात, त्या दिवसांत खाद्याचे प्रमाण किती घटवायचे याचा तक्ता आम्ही प्रत्येक पिशवीसोबत देतो, आणि त्या काळात आमची विक्री कमी झाली तरी तो तक्ता पाळण्याचा आग्रह धरतो.