क्रेस्टेड गेकोची हिरवी पेटी: मृगापर्यंतची प्रगती

मंडळी, गेकोसाठी केलेल्या नव्या काचेच्या पेटीतल्या झाडांनी मुळं धरली आहेत, म्हणून आता नोंद लिहायला बसलो. चिंगी, म्हणजे आमची क्रेस्टेड गेको (पालीचाच एक परदेशी प्रकार), अजून तिच्या जुन्या साध्या पेटीतच आहे. नवी पेटी उन्हाळाभर मुद्दाम रिकामी चालवली, कारण कोल्हापुरात खरी परीक्षा एप्रिल-मेमध्येच होते.

बाहेरच्या देशांतली मार्गदर्शनं वाचली तर सगळा भर पेटी उबदार आणि बंदिस्त ठेवण्यावर असतो. हीटर लावून बसणाऱ्या घरांत ते बरोबरच आहे. आपलं गणित वेगळं. हा प्राणी न्यू कॅलेडोनियाचा, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बेटांवरचा. १८६६ साली त्याचं वर्णन झालं, पुढे तो नामशेष झाला असंच धरून चालले होते, आणि १९९४ साली तो पुन्हा सापडला. विषुववृत्तापासून कोल्हापूर त्या बेटांपेक्षाही जवळ आहे, पण तिथे समुद्राचा वारा पारा चढू देत नाही. चिंगीला २२ ते २६ अंश मानवतात. २८च्या वर पारा बराच वेळ राहिला की तिच्या जिवाला धोका. म्हणून माझं ठाम मत असं झालंय, की आपल्याकडे पेटी बांधायची ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी आणि मोसमाप्रमाणे उघडझाप करता येईल अशी. ओलाव्याचं नंतर बघता येतं.

जागा त्याच हिशोबाने निवडली. आमचं शिवाजी पेठेतलं घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. वरच्या स्लॅबच्या खोलीत मे महिन्यात दुपारी पारा ३५च्या पुढे जातो, माजघरात तो २८-२९वर थांबतो. पेटी माजघरात, उत्तरेच्या भिंतीला. उरलेल्या अंशा-दोन अंशांसाठी एप्रिलच्या कोरड्या हवेत सोपा उपाय चालला: पेटीमागे ओलं पोतं आणि त्यावर कॉम्प्युटरचा छोटा पंखा. वळीव पडून हवा दमट झाली की पोत्यातलं पाणी उडत नाही आणि उपाय निकामी होतो. त्या आठवड्यांत दुपारपुरता एसी लावला. पंखा इन्व्हर्टरवर घेतलाय, लाइट गेली तरी तो चालू राहतो.

पेटी उद्यमनगरात करून घेतली. ६० × ४५ आणि उंची ९० सेंटिमीटर. क्रेस्टेड गेको झाडावर राहणारी, उड्या मारणारी, त्यामुळे तिला उंची लागते. एका प्रौढ गेकोला निदान ४५ × ४५ × ६० तरी हवीच. कारागिराने पहिलाच प्रश्न नेमका विचारला: "पाणी भरायचं न्हाई न्हवं? मग पाचची काच बास. उगंच वजन कशाला वाढवताय?" बरोबर बोलला. दाराखाली पूर्ण रुंदीची छिद्रांची स्टीलची पट्टी आणि छताला बारीक जाळी, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि खालून ताजी ओढली जाते. छताच्या जाळीवर सरकती काच ठेवली आहे. या पेटीतला सगळ्यांत कामाचा भाग हाच. उन्हाळ्यात काचेने जाळी अर्धी झाकली नाही तर रात्रीचा फवारा दुपारपर्यंत पार सुकतो. आता पावसाळ्यात ती पूर्ण काढायची. रात्री हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या आसपास आणि दिवसा उतरून ५०-५५, हा चढउतार मला हवाय. सतत ओलसर राहिलेल्या पेटीत बुरशी धरते आणि गेकोची कातही नीट उतरत नाही.

तळाला मंगलोरी कौलांचे तुकडे. घरात पडून होते, हलके आहेत आणि पाणी धरून ठेवतात. त्यावर खिडकीची फायबर जाळी, आणि मग मिश्रण: कोकोपीट, लाकडी कोळशाचा चुरा, धुतलेली वाळू, पालापाचोळ्याचं खत. कोकोपीट भिजवून दोन-तीनदा पिळून घ्या, त्यात मीठ असतं. आपली काळी माती मात्र यात घालू नका. ओली झाली की चिकटून बसते, सुकली की भेगा पडतात, दोन्हीकडून मुळांचं नुकसान. वर देशी बदामाची वाळलेली पानं अंथरली. मासे पाळणाऱ्यांना ती ठाऊक असतीलच.

फांद्या पेरूच्या, साल काढून, उकळत्या पाण्याने धुऊन, कडक उन्हात वाळवलेल्या. तासगावकडे छाटणीत द्राक्षवेलीची सुरेख वळणदार लाकडं मिळतात आणि मोह होतोच, पण त्या वेलींवर वर्षभर फवारण्या चाललेल्या असतात, शिवाय दमट पेटीत ते लाकूड लवकर बुरशी धरतं. तळाशी जांभ्याचे दोन तुकडे आहेत, त्यांच्या खाचांत फर्न छान बसलंय.

झाडं: मनीप्लांट, सिंगोनियम, पेपरोमिया, भिंतीवर चढणारं फायकस, एक ब्रोमेलियाड. गेकोला दिवसा झोपायला मनीप्लांटची रुंद पानं लागतात, त्यामुळे तो हवाच. नर्सरीतून आणलेलं झाड थेट पेटीत लावू नका. कुंडीत थिमेटसारखं दाणेदार कीटकनाशक असू शकतं. सगळी माती काढून, मुळं धुऊन, काही आठवडे वेगळ्या कुंडीत वाढवून मगच मी आत घेतली. शेवाळ मी राधानगरीकडच्या जंगलातून आणलेलं नाही आणि कुणी आणू नये. घरामागच्या ओल्या भिंतीवर पुरेसं मिळतं.

हेच पालींबद्दलही सांगतो, कारण "आपल्याकडची एखादी पकडून ठेवली तर?" असं मला विचारलं जातं. नका ठेवू. सह्याद्रीतल्या निमास्पिस वंशाच्या पाली बघा. आंबोलीच्या निमास्पिस फ्लाविव्हेन्ट्रालिसचं वर्णन २०१६ साली झालं, म्हणजे आपल्या शेजारी काय राहतं हे आपल्यालाच आत्ता कुठे कळतंय. त्यांना त्यांच्या दगडांवरच राहू द्या. पाळायची तर बंदिवासात जन्मलेली, कागदपत्रांसह घ्या.

सफाईसाठी स्प्रिंगटेल (मातीतले अगदी बारीक जीव) आणि आयसोपॉड (ओलसर जागी कुंडीखाली सापडणारे छोटे करडे जीव) सोडलेत. स्प्रिंगटेल डब्यात ओल्या कोळशावर, अधूनमधून तांदळाचे चार दाणे टाकून वाढवले. ते बुरशी खातात, आणि पेरूच्या फांदीवर सुरुवातीला आलेली पांढरी बुरशी त्यांनीच साफ केली. आयसोपॉड बागेतल्या कुंड्यांखालचे. पाय मोजून घ्या: प्रौढाला चौदाच असतात. त्याहून बरेच जास्त दिसले तर ती गोम किंवा वाणी, ती आत नको.

फवाऱ्याला बोअरचं पाणी वापरलं तर काचेवर आणि पानांवर पांढरे डाग बसतात, म्हणून आतापर्यंत आरओचं वापरत होतो. आता पागोळीचं पाणी पिंपात धरायला सुरुवात केली आहे. पहिल्या दोन सरी जाऊ दिल्या, कौलांवरची धूळ धुऊन निघावी म्हणून.

आता आषाढाची वाट बघतोय. सलग झडीत, छताची काच काढून, दिवसाचा ओलावा ६०च्या खाली येतो का हे पाहायचं आहे. आला नाही तर वरच्या कोपऱ्यात दुसरा छोटा पंखा बसवेन. आकडे जमले की चिंगीला हलवायचं, आणि पहिले काही दिवस खाण्याची वाटी जुन्या पेटीसारखीच उंचावर, फांदीला लावून ठेवायची.

स्प्रिंगटेलचे डबे जास्तीचे झाले आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे कुणी पेटी लावत असेल तर सांगा, एक डबा काढून ठेवतो.