साडेपंचवीस इंचांचे टेबल

घरी कामासाठी मोजक्या वस्तूंचे, तरी आरामाचे टेबल मी कसे केले, ते सांगते. प्रकाशकाकडून पीडीएफ येते, ती पडद्यावर तपासायची, आणि पाठ्यपुस्तकाचे किंवा कोशाचे काम असेल तर छापील प्रुफांवर लाल शाईने खुणा करून ती परत पाठवायची, असे माझे मुद्रितशोधनाचे काम आहे. म्हणजे टेबलावर पडदा आणि कागद या दोहोंना एकाच वेळी जागा लागते. कोथरूडच्या आमच्या सदनिकेत अभ्यासासाठी वेगळी खोली नाही. झोपण्याच्या खोलीत खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये भिंतीचा साडेचार फुटांचा तुकडा मोकळा होता आणि जे काही करायचे ते तेवढ्यातच बसवायचे होते. त्यामुळे मोजक्या वस्तूंचे टेबल करण्यात माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न फारसा नव्हता. जागाच तेवढी होती. आरामाचा मुद्दा मात्र मानेने पुढे आणला. वर्षानुवर्षे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम केल्यावर उजवा खांदा आणि मान संध्याकाळपर्यंत ठणकू लागली, तेव्हा फिजिओथेरपिस्टने व्यायाम सांगण्याआधी एक प्रश्न विचारला: बसल्यावर तुमचे कोपर जमिनीपासून किती उंचीवर येते?

या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरच पुढचे सगळे ठरले, म्हणून ते कसे काढले हे आधी सांगते. पाठ टेकून बसायचे, खांदे सैल सोडायचे, दंड अंगालगत ठेवून कोपरात हात काटकोनात वाकवायचा आणि कोपराच्या खालच्या बाजूपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. मोजणारी व्यक्ती दुसरी हवी, कारण स्वतः टेप धरायला वाकले की माप बदलते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. पाय जमिनीवर सपाट टेकतील अशा बैठकीवर, अनवाणी, माझे कोपर सुमारे ६१ सेंटिमीटरवर येते. बाजारातल्या ज्या खुर्च्या मी पाहिल्या, त्यांची बैठक अगदी खाली आणली तरी बहुधा ४४ सेंटिमीटरच्या आसपास थांबत होती. तिच्यावर बसले की कोपर ६६ सेंटिमीटरवर जाते. त्यातून कीबोर्डची जाडी वजा केली की टेबलाचा पृष्ठभाग ६५ सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण साडेपंचवीस इंचांवर असायला हवा, असा हिशोब निघाला. तयार टेबले मात्र एकोणतीस-तीस इंचांची असतात. साडेतीन-साडेचार इंचांचा हा फरक भरून काढण्यासाठी बुटक्या माणसाला दिवसभर खांदे उचलून धरावे लागतात, नाहीतर खुर्ची उंच करून पाय लोंबकळत ठेवावे लागतात, आणि मग खुर्चीची कड मांडीखाली रुतते.

कमी-जास्त उंचीची विद्युत टेबले मी पाहिली. त्यांच्या जाहिरातीत टेबल किती वर जाते हे ठळक लिहिलेले असते, ते खाली कुठे थांबते हे मात्र शोधावे लागते. दोन टप्प्यांच्या पायांची (म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांची), तुलनेने स्वस्त टेबले साधारण ७० ते ७२ सेंटिमीटरच्या खाली येत नाहीत. तीन टप्प्यांची बरीच खाली येतात, पण त्यांची किंमत ऐकून मी सुताराकडे वळले. उभे राहून काम करण्याची सोय नक्कीच चांगली आहे, परंतु लाल शाईच्या खुणा उभ्याने करणे मला कधी जमलेले नाही.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवूडचा एक आठ बाय चारचा ताव घेतला. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पृष्ठभाग, दोन बाजूंचे उभे पाय आणि मागची आडवी फळी एवढे त्यातून निघून वर थोडे उरते. दुकानदार दोन प्रकार दाखवतो: आयएस ३०३ या भारतीय मानकाचा साधा आणि आयएस ७१० चा मरीन, म्हणजे पाण्याला अधिक दाद न देणारा. खिडकीला लागून असलेल्या टेबलासाठी, पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या तावदानातून झड येते हे गृहीत धरून, मी दुसरा घेतला. लाकडाचा चुरा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचे तयार टेबल दिसायला अधिक सफाईदार असते, पण त्याच्या कडेवरची पट्टी एकदा सुटली आणि आत पाणी गेले की ते फुगते आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही.

मिस्त्रींना माप सांगितले तेव्हा त्यांनी टेप खाली ठेवला. “ताई, टेबल तीस इंचांचेच असते. उद्या तुम्हीच म्हणाल, मिस्त्री चुकला.” मी त्यांना स्टुलावर बसवून कोपर मोजून दाखवले, ते उंच असल्यामुळे त्यांचे माप खरोखरच तीस इंचांच्या जवळ आले, आणि त्याने माझी बाजू आणखी लंगडी पडली. शेवटी माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहून त्यांनी माझे खांदे पाहिले आणि काही न बोलता पेन्सिलीने साडेपंचवीसवर खूण केली. तीन गोष्टी मी आवर्जून करून घेतल्या. पृष्ठभागाखाली खण नको, कारण एवढ्या कमी उंचीच्या टेबलाखाली खण आला की मांड्यांना जागा उरत नाही. मागची फळी काठापासून चार इंच आत हवी, म्हणजे टेबल डुगडुगणार नाही आणि मॉनिटर उचलून धरणारा हात (आर्म) अडकवायला मागे कड मोकळी राहील. आणि पुढच्या कडेला सागवानी पट्टी लावून रंध्याने तिला गोलाई द्यायची, कारण मनगट तिथेच टेकते. वरचा सनमायका चकचकीत न घेता मॅट आणि फिकट तपकिरी रंगाचा घेतला. पांढराशुभ्र पृष्ठभाग छायाचित्रात फार छान दिसतो. त्याच्यावर दुपारच्या उन्हात पांढरा कागद ठेवून वाचायचे असेल तर डोळे दिपतात.

पैशांचा सर्वांत मोठा वाटा खुर्चीवर खर्च केला आणि ती नवी घेतली नाही. कार्यालये बंद करताना किंवा हलवताना कंपन्या ज्या खुर्च्या काढून टाकतात, त्या विकणारी दुकाने शहरात आहेत, आणि तिथे निम्म्याहून कमी पैशांत भक्कम जाळीच्या पाठीची खुर्ची मिळते. बैठक मऊ आहे का, यापेक्षा ती किती खोल आहे हे मी आधी पाहिले. पाठ पूर्ण टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची पोटरी यांच्यात दोन-तीन बोटे सहज जायला हवीत. ती जात नसतील तर बसणारा नकळत पुढे सरकतो, आणि मग कमरेच्या आधाराचा फुगवटा कितीही चांगला असला तरी तो रिकाम्या हवेलाच आधार देत राहतो. खुर्ची वर-खाली करणाऱ्या गॅसच्या नळकांड्याची परीक्षा मात्र दुकानात होत नाही, निदान पाच मिनिटांत होत नाही. मी तिथेच एका खुर्चीवर बसून अर्धे वर्तमानपत्र वाचले, आणि खुर्ची हळूहळू खाली बसत नाही याची खात्री झाल्यावरच पैसे दिले. दुकानदाराला माझा हा निवांतपणा आवडला नसावा. घरी आणल्यावर तिचे हात अ‍ॅलन कीने काढून टाकले, कारण ते टेबलाच्या कडेवर आपटत होते आणि खुर्ची पुरेशी आत सरकत नव्हती.

बैठक ४४ सेंटिमीटरवर आणि माझे पाय त्याहून पाच सेंटिमीटर आखूड, तेव्हा पायांखाली काहीतरी हवे होते. घरातला जेवणाचा पाट उंचीला नेमका होता. सासूबाईंनी तो दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी उचलून देव्हाऱ्याशेजारी नेऊन ठेवला. पंगतीच्या पाटावर पाय ठेवून कोणी बसते का, एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे रास्त होते. उरलेल्या प्लायमधून मिस्त्रींनी किंचित उताराचे पायठाण करून दिले, आणि उतारामुळे ते पाटापेक्षा सोयीचेही निघाले.

लॅपटॉपची खरी अडचण अशी की त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात नीट ठेवावेत तर मान वाकते आणि मान सरळ ठेवावी तर हात उचलावे लागतात. म्हणून वेगळा २४ इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतले. कीबोर्ड नंबर पॅड नसलेला आहे, त्यामुळे माऊस चार-पाच इंच आत येतो आणि उजवा हात दिवसभर बाजूला फाकलेला राहत नाही. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते आणि ते बहुतेकांना लागूही पडते. माझ्यासारख्या प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनी मात्र ते जसेच्या तसे घेऊ नये. त्या चष्म्यात जवळचे आणि मधल्या अंतराचे दिसण्याचा भाग भिंगाच्या खालच्या अर्ध्यात असतो. पडदा उंच ठेवला की अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून हनुवटी वर जाते आणि मानेचा त्रास दुसऱ्या बाजूने परत येतो. मी मॉनिटर आर्मवर बसवून डोळ्यांच्या रेषेपासून बराच खाली आणला आणि वरच्या बाजूने थोडा मागे कलवला. त्यानंतर डोळ्यांपासून पडद्यापर्यंत आणि डोळ्यांपासून कागदापर्यंत अशी दोन अंतरे मोजून, सुमारे ६० आणि ४० सेंटिमीटर, ती चष्म्याच्या दुकानात नेली आणि केवळ टेबलासाठी वेगळा चष्मा करून घेतला. एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ होती, आणि फरक खुर्चीइतकाच पडला.

कागदाचा प्रश्न जुन्या पद्धतीने सुटला. पेढीवर गादीवर बसून जमाखर्च लिहिणारे मुनीम उतरत्या झाकणाची लाकडी पेटी पुढ्यात घेऊन लिहीत. कागद तिरपा उभा राहिला की वाचणाऱ्याला मान कमी वाकवावी लागते, हे त्यात साधलेले असे. मिस्त्रींनी उरलेल्या तुकड्यातून फूटभर खोलीची तशी उतरती फळी केली, खाली कागद घसरू नये म्हणून बारीक पट्टी ठोकली, आणि मी ती कीबोर्ड व मॉनिटर यांच्या मध्ये, अगदी समोर ठेवली. प्रुफे शेजारी ठेवली की प्रत्येक ओळीला मान वळते, आणि दिवसाकाठी असे शेकडो हेलपाटे मानेला पडतात. समोरासमोर ठेवल्यावर फक्त नजर खाली-वर होते. हाताने खुणा करायच्या असतात तेव्हा कीबोर्ड या फळीच्या पोकळीत सरकतो आणि फळी पुढे येते.

टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवलेले नाही आणि खिडकीला पाठ करूनही नाही. पहिल्या मांडणीत उजेड थेट डोळ्यांवर येतो, दुसऱ्यात तो पडद्यावर चमकतो. खिडकी डाव्या हाताला आहे, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना सावली शब्दावर पडत नाही. संध्याकाळनंतरचा दिवाही त्याच बाजूला, ४००० केल्व्हिनचा, म्हणजे ना फार पिवळा ना निळसर पांढरा, खाली तोंड असलेला. दिवा घेताना मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे पाहावे. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लुकलुकणारा आहे आणि तो घेऊ नये. खिडकीबाहेरच्या गुलमोहराचा उपयोगही मी करून घेते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहण्याचा जो परिपाठ सांगतात, त्यासाठी तो सोयीच्या अंतरावर आहे.

टेबलावर काय ठेवायचे हे ठरवताना मी वस्तू मोजल्या नाहीत, हात कुठवर पोहोचतो ते पाहिले. कोपर अंगालगत ठेवून फक्त पुढचा हात फिरवला की जो कंस तयार होतो, साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरचा, त्याच्यात सतत लागणाऱ्या वस्तू: कीबोर्ड, माऊस, लाल आणि काळे पेन, फूटपट्टी. हात पूर्ण लांब करून पोहोचता येते तिथे दिवा आणि फोन. दिवसातून एखाददुसऱ्या वेळी लागणारे कोश पाठीमागच्या फळीवर गेले, आणि ते मुद्दाम तिथे ठेवले, कारण शब्द पाहायला उठावे लागते आणि तेवढेच उठणे होते. पाण्याची बाटलीही त्याच कारणाने स्वयंपाकघरात आहे. प्रिंटर बाहेरच्या खोलीत गेला. त्याच्यावर आता वर्तमानपत्रांची रद्दी साठते, पण ती माझ्या नजरेआड असल्यामुळे मी त्या विषयात पडत नाही.

वायरी हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळे बसवून झाल्यावर ते करायला कोणी धजत नाही, म्हणून मी ते मिस्त्री घरात असतानाच उरकून घेतले. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला मागे स्क्रूने उलटा बसवला आहे. मॉनिटर, लॅपटॉप आणि दिवा यांच्या वायरी तिथेच गुंडाळून वेल्क्रोने बांधल्या आहेत, आणि भिंतीपर्यंत एकच वायर जाते, त्यामुळे केर काढताना काही उचलावे लागत नाही. या तिन्हींचा मिळून भार शंभर वॅटच्या आसपास असल्याने सहा अँपियरचा साधा प्लग पुरतो. इस्त्री किंवा हीटर त्या बोर्डावर लावायचा नाही, हे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. आमच्याकडे देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुधा गुरुवारी ठेवतात. त्यासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून १२ व्होल्टचा राउटरपुरता छोटा यूपीएस आणला आणि मागच्या फळीला चिकटवला. लॅपटॉपची बॅटरी आणि तो मिळून सकाळचे काम पार पडते, आणि मॉनिटर बंद असल्यामुळे गुरुवारी मी छापील प्रुफेच हातात घेते.