पाल्मायरात काही उरलं नाही असं कोण म्हणतं?

दमास्कसच्या जुन्या गल्ल्या, उमय्यद मशीद, सगळं आवडलं, पण लिहायला बसलेय ती पाल्मायरासाठीच, म्हणजे सीरियाच्या वाळवंटातल्या प्राचीन शहराच्या अवशेषांसाठी. तिकडचे लोक तद्मुर म्हणतात. वाळवंटातला रस्ता, मधे मधे चेकपोस्ट, आणि टॅक्सीतले बरोबरचे दोघं निघाल्यापासून एकच म्हणत होते की आता तिथे काय बघायचंय, सगळं तर पाडलंय.

पाडलंय हे खरंच. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आयसिसने बालशमीन आणि बेल ही दोन्ही देवळं सुरुंग लावून उडवली, मग ऑक्टोबरमध्ये तिथली प्रसिद्ध कमान. बेलचं देऊळ इ.स. ३२ मधलं, आता गाभाऱ्याच्या दाराची प्रचंड दगडी चौकट तेवढी उभी आहे आणि भोवती ढीग. चौकटीवरची द्राक्षवेल मात्र अजून दिसते, मी जवळ जाऊन बघितली.

पण माझा पाय निघेना तो खांबांच्या रस्त्यावरून. किलोमीटरभर लांब रस्ता, आणि खांबांना बऱ्याच उंचीवर दगडाचे छोटे पाट पुढे आलेले. त्या पाटांवर पुतळे असायचे, जास्त करून गावातल्याच मातब्बर माणसांचे, त्यात व्यापाऱ्यांचे उंटांचे तांडे सुखरूप आणणारेही आले, आणि खाली ग्रीक आणि तिथल्या स्वतःच्या अरामी लिपीत लेख. अमक्याने तांड्याला मदत केली म्हणून व्यापाऱ्यांनी हा पुतळा उभारला, असा मजकूर! इ.स. १५७ च्या एका लेखात सिथियाहून, म्हणजे सिंधू नदीच्या मुखाकडून, जहाजाने परत आलेल्या व्यापाऱ्यांनी मार्कस उल्पियस यारहाय नावाच्या माणसाचा मान केलाय. उंटावरून युफ्रेटिसकडे, तिथून खाली आखातात, मग समुद्रातून थेट आपल्या बाजूला. हे वाचलेलं होतं, पण त्या पाटांखाली मान वर करून उभं राहिल्यावर अंगावर काटा आला. इथल्या राणी झेनोबियाची गोष्ट सगळेच सांगतात, २७२ मध्ये रोमन सम्राट ऑरेलियनने शहर घेतलं वगैरे, मला ते व्यापारीच जास्त जवळचे वाटले.

तिथेच एका म्हाताऱ्या काकांनी चहा दिला, काचेच्या छोट्या ग्लासात, भरपूर साखरेचा. पैसे काढले तर रागावले. खुणेनेच दाखवलं की पायवाट सोडू नका, सुरुंग असू शकतात. मग खालिद अल-असाद यांचं नाव घेतलं आणि हात छातीवर ठेवला. या माणसाने चाळीस वर्षं हे अवशेष सांभाळले आणि २०१५ मध्ये आयसिसने त्यांना मारलं, लपवलेल्या वस्तू कुठे आहेत ते सांगितलं नाही म्हणून, असं सगळीकडे सांगतात. काकांच्या शेजारी बसून ते आठवलं तेव्हा मला बोलताच येईना.

आणि नेमकं तेव्हाच टॅक्सीचा हॉर्न! अंधाराआधी दमास्कस गाठायचं, चला चला. मनोऱ्यासारख्या उंच थडग्यांकडे, डोंगरावरच्या किल्ल्याकडे लांबूनच बघितलं. मला याचा अजून राग येतो. इतक्या लांब जाऊन दोन तासांत उरकायची जागा आहे का ही? बरोबरचे कोण आहेत ते आधी नीट बघा, बाकी सगळं जमतं. मी परत जाणार आहे, थंडीत, आणि गाडी पूर्ण माझी करून.