राणीछाप आणि चिंच

दिवाळीच्या आठवड्यात नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत अर्धा तास उभं राहावं. चांदीच्या जुन्या रुपयाला दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात आणि त्यांचं एकमेकांशी जन्मात जमायचं नाही. एकाला लक्ष्मीपूजनासाठी लखलखीत राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया, हवा. दुसरा संग्राहक. त्याला रुपया जितका काळपट, तितका प्यारा. चिंचेनं घासलेलं नाणं पुढे आलं की तो सुतकी चेहरा करतो. आता आपल्याकडे तर रुपये वर्षानुवर्षं चिंचेनंच घासले गेलेत! काहींना झाळून कडी बसवली आणि ते माळेत गेले.

नाणं कमी पाडलं म्हणून दुर्मिळ होतं, हे अर्धंच खरं. १९११ साली पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या पोशाखावरचा इवलासा हत्ती असा काही उमटला, की लोकांना तो डुक्कर दिसला. ओरड झाली. टांकसाळीत उरलेले रुपये वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. पाडले होते लाखांनी, पण जे सुटले ते आज भाव खातात.

सहाव्या जॉर्जचा १९३९चा, मुंबई टांकसाळीचा रुपया मिळायला त्याहून अवघड. वजन नेहमीचंच, ११.६६ ग्रॅम, चांदी शेकडा ९१.७. पुढच्याच वर्षी युद्धापायी रुपयातली चांदी निम्म्यावर आली. हा १९३९चा इतका हवाहवासा, की १९३८च्या रुपयातला ८ कोरून ९ करणारे कारागीरही निपजले. म्हणून भिंग आधी शेवटच्या आकड्यावर धरायचं. आसपासची चांदी खरवडलेली दिसली तर रुपया मुकाट परत करायचा.

उलट १८६२चा राणीछाप. हे साल टांकसाळी १८७४पर्यंत छापत राहिल्या, त्यामुळे तो मुबलक. तरी आजीच्या डब्यात निघाला की घरात 'लाखांचा आहे' म्हणून धावपळ! सराफ शांतपणे काट्यावर टाकतो. "चांदीचा भाव देतो जी. साल काहून पाहून राहिले?"

चांदी चढली की असे रुपये पैंजण-जोडव्यांच्या मुशीत जातात, त्यात एखादा खरा १९३९ही जात असेल. माझ्या ओळखीचे एक संग्राहक त्यावर फार हळहळतात. मग घरी जाऊन स्वतःच्या पेटीतल्या नाण्यांची किंमत नव्यानं मांडतात.